तुम्ही विचारलंत म्हणून: "त्याला गोळीची खरंच गरज आहे का?"

बालगृहातलं मूल फॉस्टर म्हणून, म्हणजे दत्तक न घेता सांभाळायला, घरी आणलं की महिन्याभरात हा प्रश्न येतोच. कधी शेजारीण विचारते, कधी वर्गशिक्षक, आणि बरेचदा त्याला घरी आणणारी आईच. "एवढं सोसलंय लेकराने, चंचल असणारच. माया मिळाली की होईल शांत. एडीएचडी, डिप्रेशन ही लेबलं कशाला?"

माया नको असं कोण म्हणतंय?

एडीएचडी म्हणजे वयाच्या मानाने फारच चंचलता, लक्ष न टिकणं. त्याचं निदान दोन गोष्टींवर अडतं. लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून हवीत आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. तीन बालगृहं फिरून आलेल्या १३ वर्षांच्या मुलाचं लहानपण कोणाला आठवतंय? म्हणून डॉक्टरांकडे जाण्याआधी जुनी प्रगतिपुस्तकं मिळवा. "वही अपूर्ण", "जागेवर बसत नाही" असे शेरे दुसरी-तिसरीपासून असतील तर डॉक्टरांचं अर्धं काम झालं. तक्रारी वर्षभरातल्याच असतील तर आधी झोप, मारहाण, ताटातूट आणि नैराश्य तपासा. या वयातलं नैराश्य बरेचदा रडत नाही, चिडतं. आणि हो, एडीएचडी आणि नैराश्य एकत्रही असतात.

निदान झालेल्याची गत बघा. शुक्रवारी संध्याकाळी ताबा मिळतो. बाल कल्याण समितीचा आदेश, दोन जोड कपडे आणि पिशवीच्या तळाशी रबर लावलेल्या दोन स्ट्रिप्स: एडीएचडीवरच्या मिथाइलफेनिडेटच्या ४ गोळ्या, नैराश्यावरच्या फ्लुओक्सेटिनच्या ६. चिठ्ठी बालगृहाच्या फायलीत, फाइल कपाटात. रोज एक, म्हणजे मंगळवारी पहिली स्ट्रिप संपली. केमिस्ट हात वर करतो. औषध शेड्यूल एक्समधलं, म्हणजे कडक नियंत्रणाच्या यादीतलं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक त्याला दोन वर्षं जपावी लागते, शिवाय परवाना वेगळा. बरीच दुकानं ते ठेवतच नाहीत. या गोळीचा परिणाम काही तासांचाच, त्यामुळे बुधवारपासून पोरगं नव्या वर्गात गोळीविना. त्या आठवड्यात त्याचं जे नाव पडतं ते वर्षभर पुसत नाही.

फ्लुओक्सेटिनचं उलट. ते अंगातून उतरायला आठवडे घेतं. सहा गोळ्या संपल्यावर पंधरा दिवस काहीच बिघडत नाही. घरचे खूश: बघा, गोळीविना बरा आहे! पाचव्या-सहाव्या आठवड्यात तो भिंतीकडे तोंड करून पडून राहतो, डबा तसाच परत आणतो, "मला परत सोडा" म्हणतो. रिकामी स्ट्रिप केव्हाच कचऱ्यात गेलेली असते. तिच्याशी याचा संबंध कोणी लावत नाही. "कुटुंबात रुळला नाही" असा शेरा बसतो आणि मूल परत जातं.

तेव्हा ताबा घेतानाच महिनाभराचं औषध, मूळ चिठ्ठी, डोस शेवटचा कधी बदलला ती तारीख आणि पुढच्या ओपीडीचा वार मागा. मिळत नसेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाला लेखी द्या. मिथाइलफेनिडेटने भूक मरते. गोळीआधी पोटभर न्याहारी घाला, दर महिन्याला वजन लिहून ठेवा. अटोमॉक्सेटिन (एडीएचडीचंच दुसरं औषध) चालू असताना कोणी फ्लुओक्सेटिन लिहिलं तर डॉक्टरांना तिथेच आठवण करा, कारण त्याने अटोमॉक्सेटिनचं रक्तातलं प्रमाण चढतं. "जगून काय करू" असं एकदा जरी म्हणाला तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा, एकटं सोडू नका. रात्री-अपरात्री टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.

पूर्वी आम्हीच सांगायचो: सहा महिने घरात रुळू द्या, मग निदानाचं बघू. अगदीच चूक नव्हतं ते. घाबरलेलं मूलही चंचल दिसतं, आणि घाईचं लेबल फायलीतून निघता निघत नाही. पण सहा महिन्यांत शाळा हातची जाते. किती थांबायचं, याचा आकडा आजही आमच्याकडे नाही. मागाल तर चिडू, एवढंच.

प्रगतिपुस्तकं मात्र मिळाली की लगेच झेरॉक्स काढा. मूळ प्रती परत मागतात.