सुंभाचा पीळ

समोरच्या इमारतीला रंग द्यायचं ठरलं आणि माझ्या खिडकीपुढे परांची चढू लागली. तेव्हापासून माझी कामं मागे पडली आहेत, ती अजून पडलेलीच आहेत.

बांधणारा एक पाय आडव्या बांबूवर टेकतो, दुसऱ्याने उभ्या बांबूला विळखा घालतो, की दोन्ही हात दोरीला मोकळे! (कमरेला पट्टा हवा होता. नव्हता. ते काही मला आवडलं नाही.) एवढ्या डोलाऱ्यात खिळा मात्र एकही नाही. बांबूचे तंतू सगळे लांबीच्या दिशेने धावतात, त्यामुळे ताण तो मजेत सोसतो, पण खिळा ठोकला की उभा चिरतो. म्हणून त्याला बांधायचा. तोही पेराच्या जरा वर, म्हणजे गाठ खाली घसरू लागली तरी पेराचा फुगवटा तिला अडवतो. ‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ हे मी आजवर फक्त हेकट माणसांबद्दलच म्हणत आलो. इथे त्याच पिळाच्या भरवशावर तीन माणसं आणि रंगाचे डबे हवेत होते.

ओला बांबू वाळताना आक्रसतो आणि घट्ट गाठही ढिली पडते. हाँगकाँगमध्ये म्हणून बांबू किमान 3 वर्षांचा आणि उभा ठेवून 3 महिने वाळवलेला लागतो. बांधायला नायलॉनच्या पट्ट्या. तिथल्या सरकारनेही मार्च 2025मध्ये सुरक्षेसाठी ठरवलं, की नव्या सरकारी इमारतींच्या निदान निम्म्या कामांत धातूची परांची वापरायची. बरोबरच आहे. लोखंडी नळ सगळे सारखे, क्लॅम्प आवळला की झालं. बांबूंचं तसं नाही. एक वाकडा, एक बुडाशी जाड नि शेंड्याला बारीक. प्रत्येकाची वेगळी समजूत काढावी लागते. ती काढताना बघायला मात्र मजा येते.

काल परांची उतरवली. चढली खालून वर, उतरली वरून खाली. उतरवणारा ज्यावर उभा, त्याच्याच वरचा बांबू सोडवून खाली देत होता, मग स्वतः एक पायरी खाली. दुपारपर्यंत तो जमिनीवर आला आणि बांबू ट्रकमध्ये गेले.

भिंतीत आधाराला ठेवलेली भोकं नंतर बुजवून रंगवली आहेत. तो रंग जरा गडद लागलाय. खिडकीतून मी ते ठिपके मोजले, बावीस भरले.