रात्रीचे ३ आणि घोडबंदर रोड
आज पण ३ लाच जाग आली, घोडबंदर रोडवरून ॲम्ब्युलन्स गेली आणि झोप उडालीच, उठून झोपलेल्या आईच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९७ आलं तरी पाच मिनिटांनी परत लावला... मार्च २०२० मध्ये कोरोना आला तेव्हापासून असंच चाललंय. दुपारी शेजारच्या काकू म्हणाल्या, अगं मला पण झोप नाही गं, आणि एकदम रडायलाच लागल्या. दोघी आपापल्या दारात, मास्क लावून, जवळ पण घेता येईना. स्क्रीनच्या उजेडाने मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं हार्मोन, कमी होतं, रात्री मोबाईल बघू नका म्हणतात डॉक्टर. पटतं हो, पण ग्रुपवर कोणाला बेड हवाय कोणाला प्लाझ्मा, बंद कसा करणार? आज अकराला हॉलमध्ये चार्जिंगला ठेवतेय. कोणाला खरंच गरज लागली तर लँडलाईनवर करा, मी उठेन.