आज दिवसभर आशाताई

लेकीच्या गॅदरिंगची प्रॅक्टिस चाललीये, त्यामुळे सकाळपासून घरात 'नाच रे मोरा' वीसेक वेळा तरी वाजलं. भाजी चिरता चिरता डोक्यात आलं की हे गाणं 1953 च्या 'देवबाप्पा'मधलं, म्हणजे गदिमांचे शब्द, पुलंची चाल आणि गाणाऱ्या आशाताई भोसले तेव्हा जेमतेम वीस वर्षांच्या. त्या वयात लहान मुलीसारखं गायचं पण आवाज चोरायचा नाही, लाडिक करायचा नाही, हे किती अवघड आहे!

मग दुपारी हेडफोन लावून बसले ते उठलेच नाही. 'पिया तू अब तो आजा' लावलं, 1971 चं, पंचमदांचं, म्हणजे आर. डी. बर्मन यांचं. त्यातले ते श्वास ऐका नुसते, श्वाससुद्धा तालात घेतलाय बाईंनी. लोक कॅबरे म्हणून सोडून देतात त्याचा मला खरंच राग येतो, कारण असं गायला दमसास लागतो आणि सूर तसूभरही हलत नाही. त्याच्यामागोमाग लगेच 'उमराव जान' लावलं आणि अंगावर काटा आला. खय्यामसाहेबांनी त्यांना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावलं होतं म्हणे, आणि तिथे आवाज असा जड, भरलेला, जरा थकलेला लागलाय की वाटतं ही बाई आयुष्यभर फक्त गझलच गात आलीये. तेव्हा त्या 47-48 वर्षांच्या. त्या गाण्यांना नॅशनल अवॉर्ड मिळालं, मग 'इजाजत'मधल्या 'मेरा कुछ सामान'ला दुसरं. त्या गाण्यात तर यमकच नाही, पत्र वाचून दाखवावं तशा ओळी, आणि तरी कुठे अडखळल्यासारखं होत नाही.

बाकी ओपींची (ओ. पी. नय्यर) गाणी, 'रंगीला' (साठी ओलांडल्यावर उर्मिलासाठी!), 2005 ला क्रोनोस क्वार्टेट या अमेरिकन व्हायोलिन-चेलो वाजवणाऱ्या चौकडीबरोबरचा अल्बम, सगळं ऐकलं. पण संध्याकाळी दिवे लावताना 'जिवलगा, राहिले रे दूर घर माझे' लागलं आणि मी हातातली काडेपेटी तशीच ठेवून खाली बसले. शांताबाई शेळक्यांचे शब्द, हृदयनाथांची चाल. त्यात 'दूर' हा शब्द त्या म्हणतात ना, तो नुसता लांबवत नाहीत, आवाजच मागे मागे जातो, जसं कोणी वळणावरून दिसेनासं होतं. मला वाटतं त्यांचं सगळं वेगळेपण इथेच आहे. लावणी असो, भजन असो की पॉप, त्या आधी शब्द बोलतात आणि मग त्याला सुरात ठेवतात, म्हणून प्रत्येक गाण्यात बाई वेगळी असते पण उच्चार स्वच्छ तोच, दीनानाथांच्या घरातला. वडील गेले तेव्हा त्या नऊ वर्षांच्यासुद्धा नव्हत्या आणि पुढच्याच वर्षी, 1943 ला, 'माझं बाळ'साठी गायल्या, हे आठवलं की पोटात कालवतं.

आई आतून म्हणाली, अगं आवाज वाढव ना जरा, मला पण ऐकू दे. हेडफोन काढून फोन ताटलीला टेकवून ठेवला. आई परकर शिवत बसली होती, तिचा हात सुईसकट थांबला आणि ती दुसऱ्या कडव्यापासून हळूच बरोबरीने गायला लागली, तिला अख्खं गाणं पाठ आहे हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं.