सिन्यूला स्नायू म्हणायचं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. इंग्रजीतून अनुवाद करायला लागलेली मंडळी मला हा प्रश्न हमखास विचारतात: इंग्रजी ‘सिन्यू’ला (sinew) सरळ स्नायू म्हटलं तर चालेल ना? उच्चार जवळचा, अर्थही जवळचाच वाटतो. माझं उत्तर एकच, नका म्हणू.

अंगठा करंगळीला टेकवा आणि मनगट किंचित आत वाकवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखं काहीतरी ताठ उभं राहील. (काहींच्या हाताला ती दोरी जन्मतःच नसते, त्यात बिघाड काही नाही.) तो सिन्यू. शाळेच्या पुस्तकात त्याला, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या या दोरीला, कंडरा म्हणतात. स्नायू म्हणजे तिच्या मागचा, आकुंचन पावणारा मांसल भाग.

संस्कृतात मात्र स्नायू हे बांधणारंच होतं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, म्हणजे शरीररचनेच्या भागात, ९०० स्नायू सांगितलेत आणि तिथली उपमा मला फार प्रिय आहे: फळ्या बंधनांनी आवळल्या की नाव पाण्यावर भार पेलते, तसे सांधे स्नायूंनी बांधलेले असतात म्हणून माणूस भार सोसतो. पुढे हा शब्द मराठीत मांसाकडे सरकला, हिंदीत मज्जातंतूंकडे. भाषाभ्यासक त्याला ग्रीक ‘न्यूरॉन’ आणि लॅटिन ‘नर्वस’च्या कुळात बसवतात. त्या दोन्ही शब्दांचा जुना अर्थ कंडराच.

पण बोलताना कंडरा कोण म्हणतं? आपण म्हणतो शीर. शीर आखडली, शीर धरली. रक्त वाहतं तीही शीर आणि घोड्याला लंगडा करायला तोडायचे ती धोंडशीरही शीरच. एवढ्या मोकळ्या शब्दाला कमी लेखू नये. कथेत, संवादात मी बेधडक शीर लिहिते.

अडचण होते ती अर्थ शरीराबाहेर गेला की. रोमन वक्ता सिसेरोने इ.स.पू. ४३ मध्ये अमाप पैशाला युद्धाचे ‘नर्वी’ (‘नर्वस’चं अनेकवचन) म्हटलं. इंग्रजीत त्याचे ‘सिन्यूज ऑफ वॉर’ झाले. सुरुवातीच्या एका अनुवादात मी ‘युद्धाचे स्नायू’ लिहून बसले होते आणि ते तसंच छापलं गेलं. आजही ते पान उघडवत नाही. आता लिहिते, ‘पैशाच्या बळावरच लढाई चालते.’ शब्द गेला तरी चालेल, बळ राहिलं पाहिजे.

आणि ‘सिन्यूई’ (sinewy) माणूस? पिळदार म्हणतात, पण त्यात तालमीतली भरीव छाती येते. मला आमच्याकडे नारळ पाडायला येणारा पाडेली आठवतो. अंगावर मांस नाहीच, माडाला मिठी घातली की कोपरापासून मनगटापर्यंत शिरांचे दोर उमटायचे. तिथे मी लिहिते, काटक.