पंख, पाया आणि आपला हात

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त प्रयोगशाळेला काय हवे, असे विचारले तर मी महागडे उपकरण सुचवणार नाही. उत्क्रांतीच्या धड्यातला हात, बैलाचा पाय आणि वटवाघळाचा पंख मुले छान काढतात, पूर्ण गुणही मिळवतात. पण हे सगळे एकाच पूर्वजाकडून आले, हे चित्रावरून पटत नाही. त्यासाठी हाडेच हातात घ्यावी लागतात.

कोंबडीचा पंख खांद्यापासून टोकापर्यंत अखंड मागावा. दुकानात टोक तोडून टाकतात आणि बोटे नेमकी तिथेच असतात. कोंबडी गावरान, पूर्ण वाढलेली हवी. ब्रॉयलर जेमतेम दीड महिन्याची असते, हाडांची टोके अजून कूर्चेची असतात आणि शिजताना गळून पडतात. मनगटाची दोन हाडे बारीक असल्याने पंख मलमलच्या फडक्यात बांधून मंद आचेवर तास-दोन तास शिजवावा. कुकर नको, हाडे भुसभुशीत होतात. मांस काढून हाडे भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात दोन दिवस ठेवावीत, नाहीतर चरबी पुढे पिवळी होऊन वर येते. मग पांढरी करण्यासाठी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, बरणीचे झाकण सैल ठेवून. घट्ट लावले तर वायूच्या दाबाने बरणी फुटू शकते. ब्लीचिंग पावडर हाडच खाते.

शेजारी बोकडाचा पुढचा पाय मांडावा. आपण ज्या पायाचे सूप करतो, त्याच्या लांब नळीवर समोरून उभी खाच दिसते आणि खालचे टोक दुभंगलेले असते. तळहाताची दोन हाडे जुळून ही नळी झाली आहे. गर्भात ती सुटी असतात. दोन खूर म्हणजे मधले बोट आणि अनामिका. मागे लोंबणाऱ्या दोन नख्या तर्जनी-करंगळीचे अवशेष. अंगठा नाही. धावण्यासाठी एकच नळी हवी होती, तर आधी दोन करून मग जोडायच्या कशासाठी? जास्त बोटांच्या पूर्वजाकडून हा आराखडा वारशाने आला, हेच याचे सरळ उत्तर. इंग्रज शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४३ मध्ये समजात अवयवांची, म्हणजे रूप आणि काम वेगळे असले तरी मुळात एकच असलेल्या अवयवांची, व्याख्या केली, पण त्यामागचे कारण डार्विन यांनी १८५९ मध्ये मांडले.

वनस्पतींसाठी तर नाशिकबाहेर जायलाच नको. द्राक्षाची बाळी (आधाराला गुंडाळणारा तंतू) आणि घड एकाच अंकुरापासून होतात, म्हणून दोन्ही पानाच्या समोरच्या बाजूने निघतात. एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या खरड छाटणीनंतर काडीत घड तयार होत असताना ऊन कमी पडले, तर घडाऐवजी बाळी येते. बागाईतदार याला घड जिरणे म्हणतात. वाटाण्याची बाळीही आधार पकडते, पण ती पानाच्या टोकाला असते, कारण ती पर्णिकेपासून, म्हणजे संयुक्त पानातल्या एका छोट्या पानापासून, झालेली आहे. काम सारखे, मूळ वेगळे. ऑक्टोबर छाटणीनंतर दिंडोरी किंवा पिंपळगावच्या एखाद्या बागेत अर्धा घड, अर्धी बाळी असलेला फुटवा शोधावा, पानासकट कापून वर्तमानपत्रात दाबावा आणि पहिले काही दिवस कागद रोज बदलावा, नाहीतर बुरशी धरते.