डबीत थुंकी नको, बेडका हवा

निपाणीकडे तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या किंवा घरी विड्या वळणाऱ्या बायका खोकला लागला की 'खकाणा (तंबाखूची धूळ) गेला असेल' म्हणत दिवस काढतात. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, की क्षयासाठी बेडक्याची तपासणी करून घ्यायलाच हवी. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. दुकानातून लेव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या मात्र आणू नका. त्यांनी क्षयाचे जंतू तात्पुरते दबतात आणि निदान लांबतं.

तपासणी सोपी आहे. बिघडतं ते नमुना देताना. साधारण दोन नमुने लागतात, एक तिथंच आणि दुसरा सकाळी उठल्याबरोबरचा. रात्रभर छातीत साठलेलं सकाळी वर येतं, म्हणून दुसऱ्याचं मोल जास्त. पेस्ट न लावता साध्या पाण्याने चूळ भरा. परड्यात, माणसांपासून लांब उभे राहा. दोन-तीनदा छाती भरून श्वास घ्या, क्षणभर रोखा आणि पोटापासून जोर लावून खोका. दाट, चिकट, पिवळसर असं २ ते ५ मिली हवं. फेसाळ, पाण्यासारखं आलं तर ती तोंडातली लाळ. तिच्यात जंतू सापडायचे नाहीत आणि आजार असूनही रिपोर्ट 'निगेटिव्ह' येईल. झाकण घट्ट लावा, डबी उन्हात ठेवू नका, त्याच सकाळी पोचवा. बेडका सुटतच नसेल तर दवाखान्यात खारट पाण्याची वाफ देऊन तो काढता येतो.

सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलीमध्ये निदान ५,००० ते १०,००० असावे लागतात. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या यंत्रांवरची तपासणी त्याहून कितीतरी कमी जंतूही पकडते. ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं. ही यंत्रं जंतूचा डीएनए शोधतात आणि रिफॅम्पिसिन हे क्षयावरचं मुख्य औषध लागू पडेल का, तेही एक-दोन तासांत कळतं. म्हणून पहिली तपासणी यांवरच व्हावी, असा आग्रह धरा. उपचार सुरू झाल्यावर मात्र मेलेल्या जंतूंचा डीएनएही त्यांत दिसतो, त्यामुळे औषध लागू पडतंय का हे बघायला पुन्हा सूक्ष्मदर्शकच लागतो.

रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरी खोकला, संध्याकाळचा ताप आणि घटतं वजन तसंच असेल तर छातीचा एक्स-रे काढा आणि नमुना पुन्हा द्या.