टूमस्टोन: चकमकीच्या गावातली बंदूकबंदी

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात टुसॉनहून टूमस्टोनला गाडीने साधारण सव्वा तास. बेन्सनला हमरस्ता सोडला की दोन्हीकडे नुसतं काटेरी रान. 1877मध्ये एड शिफेलिन इथे खनिजं शोधत हिंडायचा, तेव्हा सैनिकांनी त्याची टर उडवली होती: तुला तिथे स्वतःच्या थडग्याचा दगड तेवढा सापडेल! सापडली चांदी, आणि पठ्ठ्याने खाणीला नाव दिलं ‘टूमस्टोन’. गावालाही तेच चिकटलं.

ॲलन स्ट्रीटवर फळ्यांचे पदपथ, घोडागाडीची रपेट, काउबॉय टोप्यांची दुकानं. गोळीबाराचा नाट्यप्रयोग तिकीट काढून पाहिला. ठीकच. गाव ज्या चकमकीसाठी प्रसिद्ध आहे, ती ओ. के. कोरल या घोड्यांच्या तबेल्याच्या नावाने ओळखली जाते, पण खरी तिथे झालीच नव्हती म्हणा! ती झाली फ्रीमॉन्ट स्ट्रीटला, फ्लाय यांच्या फोटो स्टुडिओशेजारच्या चिंचोळ्या मोकळ्या जागेत. 26 ऑक्टोबर 1881, भर दुपार. अर्ध्या मिनिटात तीसेक गोळ्या सुटल्या आणि बिली क्लॅन्टन, टॉम आणि फ्रँक मॅकलॉरी असे तिघे गेले. बूटहिल दफनभूमीत तिघं शेजारी शेजारी आहेत. वरच्या फळीवर चक्क ‘खून झाला’ असं लिहिलंय.

या तिघांच्या टोळीचं आणि अर्प भावांचं वैर जुनंच होतं, पण त्या दिवशीचं निमित्त मोठं मजेशीर आहे. गावात हत्यार घेऊन फिरायला मनाई होती. बाहेरून येणाऱ्याने बंदूक तबेल्यात नाहीतर दारूच्या गुत्त्यात जमा करायची, असा त्याच वर्षीचा नगरनियम. मार्शल, म्हणजे गावचा पोलीसप्रमुख, व्हर्जिल अर्प, त्याचे भाऊ वायट आणि मॉर्गन आणि दातांचा डॉक्टर हॉलिडे हे क्लॅन्टन-मॅकलॉरी मंडळींची शस्त्रं काढून घ्यायला निघाले होते, निदान व्हर्जिलचं म्हणणं तसं होतं. पुढे न्यायाधीश स्पायसर यांनी महिनाभर साक्षी ऐकल्या आणि अर्प मंडळींना सोडलं.

आज क्रिप्टोपासून रिक्षास्टँडपर्यंत जिथे धरबंध नाही, तिथे ‘वाइल्ड वेस्ट’चा, म्हणजे त्या काळच्या बेबंद अमेरिकी पश्चिमेचा, शिक्का बसतो. पण तिथे तर बंदूकबंदी आणि कोर्टही होतं. आपण ‘मोगलाई माजलीय’ म्हणतो तसंच; मोगलांकडेही दफ्तरं, काझी, फौजदार सगळं होतंच की.

1882चं लाल विटांचं कोर्ट बघून आइस्क्रीमच्या रांगेत उभे राहिलो. पुढच्या गृहस्थाच्या कमरेला उघडं पिस्तूल. ॲरिझोनात याला परवाना लागत नाही. 2010पासून लपवून बाळगायलाही नाही. व्हर्जिलने याला आधी तबेल्याकडे पिटाळलं असतं. याने शांतपणे दोन स्कूप बटर पेकान घेतले.